‘आधी आधार दाखवा’ : पुण्यात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्यातले दावे असे: आधार आणि पुण्याचा पत्ता नसेल तर बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांना महापालिकेच्या शाळेत घेता येत नाही; बाळंतपण इथे झालं तरी बाळाची नोंद गावीच होते; परराज्याचं रेशनकार्ड इथे चालत नाही; आणि कागद नसलेला माणूस म्हणजे घुसखोर, त्याला दवाखान्यातही घेऊ नये. हे वाचून खरंच कुणी शाळेच्या दारातून परत जातं, म्हणून एकेक दावा तपासू.

पहिला दावा सर्वांत जास्त नुकसान करतो. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते. तीही नसेल तर पालकांनी वयाबद्दल लिहून दिलेलं स्वयंघोषणापत्र चालतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. नऊ वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याला पहिलीत बसवायचं नसतं; वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. आधारबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्टच सांगितलं: शाळा प्रवेशासाठी ते सक्तीचं नाही.

मग हा समज पसरतो कशामुळे? एक तर खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांमुळे. त्या ऑनलाइन प्रवेशाला पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागतो, आणि लोक तीच यादी महापालिकेच्या शाळेलाही लावतात. दुसरं कारण शाळेच्या आत आहे. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर होते, त्यामुळे बिगर-आधार मूल घेतलं की शिक्षकाचं पद धोक्यात येईल असं मुख्याध्यापकांना वाटतं. त्यांची अडचण खरी आहे, पण तिची किंमत मुलाने मोजायची नाही. प्रवेश आधी द्यावा; आधार नंतर आई किंवा वडिलांच्या आधारवरून, कुटुंबप्रमुखाच्या संमतीने काढता येतं.

अर्ज लेखी द्या, दोन प्रती करा, एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. नकार मिळाला तर तोही कारणासह लेखी मागा. लेखी नकार द्यायला सहसा कुणी तयार होत नाही, आणि बहुतेक वेळा काम तिथेच होतं. खरी गळती नंतर होते: वाघोलीची साइट संपते, कुटुंब मोशीच्या लेबर कॅम्पात जातं, आणि मूल पुणे महापालिकेच्या पटावर गैरहजर म्हणून अडकून राहतं. जुन्या शाळेने विद्यार्थी नोंदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून सोडल्याशिवाय पिंपरी-चिंचवडच्या शाळेला त्याचं नाव ओढून घेता येत नाही. म्हणून निघण्याआधी वर्गशिक्षकांना सांगून विद्यार्थी क्रमांक लिहून घ्यावा. बीड, परभणीकडून येणाऱ्यांनी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरात मुलाचं शिक्षण चालू राहावं म्हणून मिळणारं कार्ड, आणावं.

जन्मनोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते. आईबाप ओडिशाचे असोत की नांदेडचे. 21 दिवसांच्या आत नोंद मोफत. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. चूक होते ती दवाखान्याच्या फॉर्मवर. आईचं नाव ऐकून लिहिलं जातं, ‘साबित्री’ची ‘सावित्री’ होते, आणि पुढे ते तिच्या आधारशी जुळत नाही. डिस्चार्जच्या आधी फॉर्म वाचून घ्यावा. लसीकरणाच्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. मधला डोस चुकला तर सुरुवातीपासून टोचावं लागत नाही, राहिलेले डोस पुढे द्यायचे असतात.

रेशनचा दावाही खोटा. एक देश एक रेशनकार्ड योजनेत 2022 पासून सगळी राज्यं आहेत. कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर इथल्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं, उरलेलं गावी घरच्यांना मिळतं. अडतं ते सिमेंटने झिजलेल्या बोटांपाशी. अशा वेळी दुसरं बोट लावून पाहावं, नाहीतर ओटीपीचा आग्रह धरावा. महिनाअखेर दुकानात माल उरत नाही, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच जावं. मात्र कार्डच नसेल तर धान्य मिळत नाही, हे खरं.

राहिला घुसखोरीचा मुद्दा. रविवार पेठेत सोन्याचं काम करणारे बंगाली कारागीर पश्चिम बंगालचे, म्हणजे भारताचेच. भाषेवरून नागरिकत्व ठरत नाही. आधारवरूनही नाही: ते रहिवाशाला मिळतं, नागरिकत्वाचा पुरावा नसतं. राज्यघटनेचं कलम 21 ‘व्यक्ती’ला संरक्षण देतं, परदेशी माणसालाही, अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. जखमी माणसावर आधी उपचार, पोलिसांची कागदपत्रं नंतर, हे तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 1989 पासून ठरलेलं आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकविषयक कायद्याने शाळा-रुग्णालयांवर परदेशी व्यक्तीची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याचं बंधन घातलं आहे. जखमी परदेशी माणसाला दारातून परत पाठवा, असं तो सांगत नाही.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं ओळखपत्र हा व्हिसा नव्हे, आणि त्या संस्थेचं कार्यालयही पुण्यात नाही, दिल्लीत आहे. इथल्या अफगाण विद्यार्थ्यांनी म्हणूनच व्हिसा संपायची वाट पाहू नये. मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आधीच भरावा, कॉलेजचं बोनाफाइड प्रमाणपत्र आणि भाडेकरार जोडावा, आणि अर्ज क्रमांकाची छापील प्रत जवळ ठेवावी.