छोट्या फेरीला हायब्रिड म्हणजे पेट्रोल फुकट? हिशोब करून बघा

सध्या हायब्रिडवर, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीवर, एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा: "हायब्रिड गाडी गावातल्या छोट्या फेऱ्यांसाठीच बनलीय, दोन-तीन किलोमीटर ती बॅटरीवरच जाते, पेट्रोल लागतच नाही, आणि तुम्हाला २८ चं ॲव्हरेज पडत नसेल तर गाडीत फॉल्ट आहे, सर्व्हिस सेंटरवाल्याला धरा." खरं तर नेमकं उलट आहे, छोटी फेरी हीच हायब्रिडची सगळ्यात कच्ची बाजू. एकेक वाक्य घेऊ.

"दोन-तीन किलोमीटर बॅटरीवरच जाते."

टोयोटाच्या हायरायडर किंवा मारुतीच्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे नुसत्या बॅटरीवरही थोडं चालू शकणाऱ्या मॉडेलमध्ये, बॅटरी आहे ०.७६ युनिटची, म्हणजे घरच्या लाइट बिलातलं एक युनिटसुद्धा नाही. फक्त विजेवर चालणाऱ्या टियागो ईव्हीची छोटी बॅटरी १९.२ युनिटची आहे, फरक बघा. त्यात ही ०.७६ पण सगळी वापरायला मिळत नाही, बॅटरी टिकावी म्हणून गाडी ती पूर्ण भरत नाही आणि पूर्ण उतरू देत नाही, मधलाच पट्टा वापरते. आपण अर्धी धरू, ०.३८. आता मे महिन्यात उघड्यावर तापलेल्या गाडीत बसून एसी फुल्ल केला आणि त्याने समजा २ किलोवॉट खेचले, तर अकरा-बारा मिनिटांत ती अर्धी बॅटरी एसीनेच संपवली, गाडी अजून जागची हललेली नाही. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असलं तरी गार हवा येते, हे भारीच आहे, पण ती वीज शेवटी पेट्रोल जाळूनच आलेली असते ना. या गाडीला बाहेरून चार्जिंगची पिनच नाही. ब्रेक मारताना जी वीज परत मिळते तीही आधी पेट्रोल जाळून घेतलेल्या वेगातलीच, म्हणजे खिशातलेच पैसे दुसऱ्या खिशात, तेही थोडे गळून.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, इंजिन गरमच असतं."

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. बाहेर ३० अंश असलं तरी इंजिनाला नीट काम करायला ८०-९० अंश लागतात आणि सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर साधारण अडीचशे-तीनशे अंशांवर गेल्याशिवाय धूर साफ करायला लागत नाही. म्हणून सकाळी गाडी काढली की बॅटरी भरलेली असली तरी थोड्याच वेळात इंजिन आपणहून सुरू होतं आणि उभ्या गाडीतही घुरघुरत राहतं. लोक म्हणतात बिघडलंय, पण ते मुद्दाम चाललेलं असतं, त्यातलं बरंच पेट्रोल गाडी पळवायला नाही तर एक्झॉस्ट तापवायला जातं. शिवाय थंड इंजिनात हवा-पेट्रोलचं मिक्स्चर जास्त पेट्रोलचं असतं, ऑइल जाड असतं, सगळंच जड.

हे पेट्रोल फेरी २ किलोमीटरची असो की २० ची, एकदा जायचंच. समजा तापवण्यात ५० मिली जास्तीचं गेलं आणि तापल्यावर गाडी २५ चं ॲव्हरेज देते. २ किलोमीटरला ८० मिली अधिक ५० म्हणजे १३०, ॲव्हरेज आलं १५ च्या आसपास. २० किलोमीटरला ८०० अधिक ५० म्हणजे ८५०, ॲव्हरेज साडेतेवीस. तीच गाडी, तोच ड्रायव्हर. मधे दुकानात तासभर थांबलात की इंजिन बरंच निवतं आणि परत येताना पुन्हा थोडा भुर्दंड.

"२८ मिळत नाही म्हणजे फॉल्ट."

हे २८ म्हणजे कंपनी सांगते ते २७.९७, आणि तो आकडा चाचणीतला आहे, मग ती कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत होवो नाहीतर मानेसरच्या तशाच संस्थेत. गाडी रोलरवर, एसी बंद, साधारण वीस मिनिटं आणि अकरा किलोमीटरच्या आसपास. भाजी आणायला, पोराला क्लासला सोडायला जाताना यातलं काय असतं सांगा. फॉल्टची शंका कधी घ्यायची, तर ठाण्याहून बीकेसीसारख्या लांब, अडत-अडत जाणाऱ्या रोजच्या रूटवरही आकडा फारच पडेल तेव्हा. तिथे ही गाडी खरी कमावते.

"६० टक्के वेळ ईव्हीवर चालते."

वेळ! अंतर नाही. सिग्नलला उभी असलेली गाडीही त्या वेळेत धरली जाते. कंपनीच्या ज्या जाहिरातीतून हा आकडा उचललाय त्यातच अंतर ४० टक्के लिहिलेलं असतं, ते फॉरवर्ड करणाऱ्याने सोयीने गाळलंय.

आता या मेसेजखालच्या टिपा. ईव्हीचं बटण दाबून ठेवा म्हणे, तर बॅटरी कमी असली किंवा इंजिन थंड असलं की गाडी बऱ्याचदा ते ऐकतच नाही, आणि ऐकलं तरी तापवायचं काम फक्त पुढे ढकललं जातं. निघायच्या आधी पाच मिनिटं उभी गरम करा, हे तर पेट्रोल ओतून देणंच झालं, हळू चालवत निघा की, चालताना लवकर तापते. आणि सिग्नलला न्यूट्रल टाकायची आपली जुनी सवय टोयोटाच्या हायब्रिडमध्ये सोडा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी बॅटरी चार्ज होत नाही. खरा फायदा होतो तो तीन कामं एकाच फेरीत उरकण्याने, सगळ्यात लांबचं काम आधी, म्हणजे बाकीच्यांना इंजिन तापलेलं मिळतं.

यावर दुसरी पार्टी लगेच उड्या मारते की बघा, मग साधी पेट्रोलच बरी. नाही हो. साधं पेट्रोल इंजिनही सकाळी तितकंच थंड असतं, तेही तसंच पेट्रोल पितं आणि वर ट्रॅफिकमध्ये उभं राहून जळत राहतं. छोट्या फेरीतही हायब्रिड सहसा तिच्यापेक्षा कमीच पिते, फक्त फरक आटतो, आणि घेताना मोजलेले जादा पैसे वसूल व्हायला मग खूप वर्षं लागतात. रोजचं सगळंच दोन-तीन किलोमीटरचं असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर सरळ ईव्ही घ्या, नाहीतर स्कूटर आहेच.

छोट्या फेऱ्यावाल्यांनी अजून एक बघावं, इंजिन पूर्ण तापत नसल्याने पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो. किलोमीटर भरले नाहीत म्हणून सर्व्हिस पुढे ढकलू नका, मॅन्युअलमध्ये महिन्यांची मुदत दिलेली असते, ऑइल त्याप्रमाणे बदला.