गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू पूर्ण वाचला. भर उन्हात पंपापर्यंत गाडी ढकलत न्यावी लागली म्हणजे राग येणारच, तो आम्हाला समजतो. तुमचं म्हणणं असं की कार्बोरेटर साफ करायला दिलेली गाडी आम्ही उगाच ठेवून घेतली, आमची पोरं ती फिरवत बसली, मग गरज नसताना पल्सर कॉइल (स्पार्क कधी पाडायचा याचा सिग्नल देणारी इंजिनातली कॉइल) बदलली आणि तरीही गाडी परत बंद पडली.

आधी फिरवण्याचं सांगतो. तुमची तक्रार होती की अर्धा तास चालवली की गाडी बंद पडते आणि गार झाली की किकला चालू होते. असा फॉल्ट गार गाडीत दिसतच नाही, गॅरेजमध्ये उभी करून कितीही तपासा, स्पार्क व्यवस्थित, पेट्रोल व्यवस्थित, कॉम्प्रेशन पण व्यवस्थित. तो गाडी बंद पडलेली असतानाच पकडावा लागतो, म्हणून बंद पडेपर्यंत चालवायची आणि पडली की तिथेच रस्त्याच्या कडेला प्लग काढून बघायचं. तसंच केलं. प्लग पेट्रोलने ओला होता आणि स्पार्क अजिबात नव्हता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं, करंट मिळत नव्हता. मग कार्बोरेटर कितीही धुतला असता तरी काय उपयोग होता सांगा.

पल्सर कॉइलमध्ये केसासारखी बारीक तांब्याची तार असते, जुन्या गाडीत ती आतून तुटायला आली की गरम झाल्यावर पसरून तुटक होते आणि गार झाली की परत जुळते. मल्टिमीटर लावला तर गार असताना रीडिंग नीट आणि गरम असताना काहीच नाही. जुनी कॉइल बिलासोबत पिशवीत घालून तुम्हाला दिलेली आहे, टाकू नका. कुठल्याही मेकॅनिककडे जा, आमच्याकडेच यायला पाहिजे असं काही नाही, हेअर ड्रायरने गरम करून मीटर लावायला सांगा, तुमच्या डोळ्यांनी बघा.

आता यावेळचं. तुम्हीच लिहिलंय की या वेळी गाडी आधी ओढेना, झटके खायला लागली, रिझर्वला आल्यासारखी झाली आणि मग बंद पडली, आणि पंपावर पेट्रोल टाकल्यावर एका किकमध्ये चालू झाली. दादा, हे आधीच्या तक्रारीसारखं नाहीये. करंट जातो तेव्हा चावी फिरवल्यासारखी गाडी एकदम बंद होते, हळूहळू दम तोडते ती बहुतेक वेळा पेट्रोलवाचून. आणि पेट्रोल टाकायला तुम्ही टाकीचं झाकण उघडलंत ना, माझा संशय तिथेच आहे. झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं, ते बुजलं की जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत येत नाही, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि टाकीत पेट्रोल असूनही कार्बोरेटरपर्यंत उतरत नाही. झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू होते! रिव्ह्यूसोबतच्या फोटोत टाकीवर नवीन रेक्झिनचं कव्हर दिसतंय, झाकण पण त्याखाली गेलंय, आमच्याकडून गाडी नेली तेव्हा ते नव्हतं. आधी ते काढा आणि झाकणातलं भोक साफ करून घ्या. अर्थात ढकलत नेईपर्यंत इंजिन गार झालं म्हणून चालू झाली असंही असू शकतं, गाडी न बघता मी शपथ घेणार नाही. टॅपेट टाइट झाले, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट कमी झाली, तरी गरम गाडी चालू होत नाही, पण त्यात किक हलकी लागते, तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

परत बंद पडली तर गार व्हायची वाट बघू नका, लगेच झाकण उघडा. फुस्स असा आवाज येऊन हवा आत गेली आणि मिनिटभरात गाडी चालू झाली तर झाकणच. नाही झाली तर प्लग काढून बघा ओला आहे का कोरडा, फक्त इंजिन तापलेलं असतं तेव्हा हात सांभाळून, आणि झाकण आधी घट्ट लावा, उघड्या पेट्रोलजवळ स्पार्क काढून बघायचा नाही म्हणजे नाही. ओला की कोरडा एवढं जरी फोनवर सांगितलंत तरी आमचं अर्धं काम होतं.

एक स्टार ठेवायचा तर ठेवा, तो तुमचा हक्क आहे, पण गरज नसताना पार्ट बदलला हे मात्र मला मान्य नाही. गाडी घेऊन या, मी स्वतः बघतो, फक्त येताना सरळ चालवत आणा, मध्ये थांबवून गार करू नका.