मी माणूस आहे हो!

परवा रात्री बिल भरायच्या साइटचा पासवर्ड विसरलो. आता विसरणं हा माणूस असल्याचा केवढा ढळढळीत पुरावा, तरी पुढच्याच पानावर मला विचारलं की तुम्ही रोबॉट तर नाही ना? खाली एक रिकामी चौकट. मी टिक केली. त्यावर भागलं नाही, ते गोल गोल फिरलं आणि फोटोचे चौकोन आले, मोटरसायकल असलेले सगळे निवडा म्हणे.

वाटतं सोपं. पण मोटरसायकल तीन चौकोनांत नीट होती आणि चौथ्यात नुसती आरशाची कड, पाचव्यात बसलेल्याचा गुडघा. गुडघा मोटरसायकलमध्ये धरायचा का? गाडीवर बसेपर्यंत तो माणसाचाच असतो हे खरं, पण परीक्षकाचं मत काय ते कुणाला माहीत. मी गुडघा सोडला. नापास. पुढच्या खेपेला सिग्नल आले, त्यात खांब धरला. नापास. मग हेडफोनचं चित्र दिसलं म्हणून दाबलं, तर वावटळीत सापडलेला कुणीतरी विहिरीच्या तळातून कायतरी बोलत होता, ते टाइप करायचं. मला शेजारी बसून बोललेलं दोनदा विचारावं लागतं.

बरं ही चौकट २०१४ पासून आहे, आणि तिथं टिक करणं हा मुद्दाच नसतो असं नंतर कळलं. टिकपर्यंत तुम्ही माउस कसा नेला, वाकडातिकडा, थांबत, चाचपडत, त्यावरनं म्हणे अंदाज बांधतात. मी बहुतेक सरळ रेषेत गेलो असणार. आयुष्यात एकदा सरळ वागलो तर लगेच संशय. पुढच्या वेळी मुद्दाम बाण सगळ्या पानावर हिंडवून आणला, घरचा रस्ता चुकल्यासारखा, तरी फोटो आलेच.

मूळ गंमत अशी की १९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञानं जी परीक्षा मांडली तिच्यात प्रश्न माणूस विचारणार होता आणि माणूस असल्याचं सोंग यंत्रानं करायचं होतं. पुढं अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मंडळींनी या माणूस-का-रोबॉट परीक्षेला कॅप्चा हे नाव दिलं, त्यातला टी याच ट्युरिंगचा, फक्त खुर्च्या बदलल्या. आता यंत्र चष्म्यावरनं बघतंय आणि आपण उभे, सर खरंच मी माणूस आहे हो सर.

या चौकटीच्या आधी ती वाकडी अक्षरं असायची, आठवतात? २००७ मध्ये रीकॅप्चा नावाचा नवा प्रकार आला तेव्हा दोन शब्द यायचे, एक त्यांना माहीत असलेला आणि दुसरा जुन्या छापील कागदावरचा, जो कॉम्प्युटरला लागत नव्हता. तो आपण वाचून द्यायचो. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असे कैक लोकांनी शब्दाशब्दानं वाचून दिलेत, फुकट, आणि वर प्रत्येकाला वाटायचं आपलीच परीक्षा चाललीय. घोकून घेणारे आपण आणि पास झालं ते यंत्र.

पास म्हणजे चांगलंच. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चौदाशे माणसं कॅप्चा सोडवायला बसवली, आणि निघालं काय तर बॉट, म्हणजे माणसाचं सोंग घेणारे प्रोग्राम, माणसांपेक्षा जलदही आहेत आणि अचूकही. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या लोकांनी हेच गाड्या-सिग्नलवाले फोटो प्रोग्रामकडून सोडवून घेतले, शंभर टक्के. म्हणजे त्याला गुडघ्याचं कळतं! मग जो चटकन बरोबर उत्तर देईल त्याला आत सोडायचं का पकडायचं, हे त्या चौकटीला तरी माहित्ये का देव जाणे.

सातव्या प्रयत्नाला मुलगी आली. बाबा उठा, म्हणाली, आणि उभ्याउभ्या चार टिचक्यांत पास. ती माणूस निघाली. मी तिचा बाप असून माझं अजून ठरायचंय.

पासवर्ड बदलला, बिल भरलं. तेवढ्यात मेल आला की तुमच्या खात्यात आत्ता कुणीतरी शिरलंय, ते तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं, हो मीच, आणि नाही, मी नव्हे. बराच वेळ बघत बसलो. मग म्हणलं सकाळी सांगतो, आणि दिवा मालवला.