पिंप आहे ते, कचराकुंडी नाही!

पिंपावर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'फक्त जळकं ऑईल', म्हणजे इंजिनातून काढलेलं जुनं वंगण तेल. तरी कोणी महाभाग त्यात कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ओततो, कोणी ब्रेक ऑईल. काल तर एकाने पार्ट धुतलेलं डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं रसायन) रिकामं केलं आणि झाकण उघडंच टाकून पोबारा केला. रात्रभर पाऊस. आत किती पाणी गेलं असेल, विचारूच नका.

वर ऐकवतात काय, तर "सगळं काळंच आहे, काय फरक पडतो?" अहो, पडतो! ऑईल काळं झालं म्हणजे मेलं नाही. त्यात काजळी, धातूचा कीस, थोडं इंधन मिसळतं, ॲडिटिव्ह, म्हणजे तेलात मुद्दाम घातलेली रसायनं, संपतात. मूळ तेल शाबूत असतं. पाणी उडवून, निर्वात पोकळीत ऊर्ध्वपातन करून, शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया दिली की नव्याच्या तोडीचं बेस ऑईल, म्हणजे वंगणाचं मूळ तेल, हातात. सुमारे 4 लिटर जुन्या ऑईलमधून अडीच लिटरच्या आसपास वंगण निघतं. तेवढ्याच वंगणासाठी कच्चं तेल अख्खं बॅरलभर लागतं, म्हणजे 159 लिटर!

पाण्याचं एक वेळ निभावता येईल. पण त्या डिग्रीझरमध्ये क्लोरीन असेल तर पिंपातलं सगळं घातक कचऱ्यात जमा. कोणी जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल ओतलं आणि त्यात पीसीबी हे विषारी रसायन निघालं तरी तीच गत. शुद्धीकरणासाठी ऑईल नेणारा नमुना बघतो, मान हलवतो, रिकाम्या गाडीने परत. बाकीच्यांनी जपून साठवलेलं एका आळशाने नासवलं. आता झाकणाला कुलूप लावलंय. कॅनमध्ये काय आहे ते आधी सांगायचं, मगच उघडणार. राग येतो? येऊ दे.

गटारात ओतणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. 1 लिटर ऑईल सुमारे 10 लाख लिटर पाणी नासवू शकतं, आणि हे धूळ बसावी म्हणून रस्त्यावर शिंपडतात! ऑईल फिल्टर तसाच तेलाने ओला कचऱ्यात फेकणारे यांचेच भाऊबंद. गरम आहे तोवर भोक पाडून निथळत ठेवायला काय हात झिजतात?

आणि विकणारे! नवा डबा खपवताना तोंडात साखर. जुनं परत घ्या म्हटलं की "आमच्याकडे तशी सोय नाही". माणूस काहीही न मिसळलेलं ऑईल घट्ट बुचाच्या कॅनमध्ये घेऊन दारात उभा आहे, आणि तुम्ही हात वर करता? मग काय, तो कॅन उशाशी घेऊन झोपायचं का त्याने?