मोठा की धाकटा?

बँकॉकला बदली झाली तेव्हा नात्यांच्या बाबतीत मी निर्धास्त होतो. साडू, जाऊ, नणंद, विहीण यांत वाढलेल्या माणसाला थाई नाती काय जड जाणार?

पहिल्याच तासाला शिकवणीच्या बाईंना विचारलं, "आईच्या भावाला काय म्हणायचं?"

"आईपेक्षा मोठा की धाकटा?"

मोठा असेल तर 'लुंग', धाकटा असेल तर 'ना'. धाकटी मावशीही 'ना'च. वडिलांची धाकटी भावंडं, मग काका असो की आत्या, 'आ'. आणि मोठी आत्या, मोठी मावशी दोघीही 'पा'. (हे आमच्या आत्याच्या कानावर जाता कामा नये. मावशीच्या पंक्तीला बसवलेलं तिला चालत नाही.) खात्री करायला घरी फोन लावला. "आई, मामा तुझ्याहून मोठा ना गं?" पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "का रे? वाटणीचं काही काढलंय का त्यानं?"

आपण सरसकट आजी-आजोबा म्हणून मोकळे होतो, तिथे यांचे मात्र चार शब्द. वडिलांकडचे 'पू' नि 'या', आईकडचे 'ता' नि 'याय'. वर सूर पाच. 'पू' खालच्या सुरात म्हटलं तर आजोबा, सपाट म्हटलं तर खेकडा. "माझा खेकडा शाळामास्तर होता," हे वाक्य मी भर वर्गात उभं राहून म्हटलंय. बहिणीला फोनवर घाईत 'ताय' म्हणायचीही चोरी, कारण थाईत 'ताय' म्हणजे मरणं. शेजारीण दार उघडून बघून गेली.

रस्त्यावरही नात्यावाचून हाक नाही. वेटर वयानं लहान दिसला तर 'नाँग', धाकटं भावंड. थोडा मोठा वाटला तर 'फी'.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई सोम तम विकते, उखळात कुटलेली कच्च्या पपईची कोशिंबीर. एवढं शिकलोय तर वापरावं म्हणून सूर नीट सांभाळत मी हाक मारली, "पा!" मुसळ जागच्या जागी थांबलं. बाई चाळिशीच्या आत-बाहेर असावी. अशा वेळी बिनदिक्कत 'फी' म्हणायचं असतं, हे शिकवणीच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तिनं माझ्या टकलाकडे सावकाश पाहिलं, गोड हसली. "मिरच्या किती, लुंग?"

मी एक बोट वर करेपर्यंत पाचवी उखळात पडली होती.