बाबांचं कुलूप

दिवाळीत घरी गेलो, तेव्हा फराळ झाल्यावर हात शिवशिवले म्हणून बाबांच्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि 'फक्त एचटीटीपीएस' हा पर्याय चालू केला. ही सोय त्यात 2020 पासून आहे. बाबांना समजावलं, "साइटच्या पत्त्यात नुसतं एचटीटीपी म्हणजे चाळीच्या गॅलरीतून समोरच्या बिऱ्हाडाशी बोलणं. मधल्या सगळ्यांना ऐकू जातं. पुढे एस लागला की नाही जात. वर कुलूप दिसलं की निर्धास्त."

"आपल्या चाळीत एस असता तर तुझ्या आईला करमलं नसतं," बाबा म्हणाले.

चौथ्या दिवशी फोन. "अरे, हा आपल्या वाचनालयाला असुरक्षित म्हणतोय! चाळीस वर्षं मेंबर आहे मी!"

आता, त्या एससाठी साइटला एक प्रमाणपत्र लागतं, आणि लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून ते 2015 पासून फुकट मिळतं. पण ते घ्यायला कुणीतरी खुर्चीतून उठावं लागतं. म्हटलं, "खाली पुढे जायचं बटण आहे, ते दाबा."

"जायचंच होतं, तर अडवलं कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या महिन्यात सगळंच बसलं. बँक, पेपर, गूगलसुद्धा. "आणि बँकेला तर ते तुझं बटणही नाही!" तासभर मी फोनवरून त्यांना राउटर बंद-चालू करायला लावला, वायर काढून पुसायला लावली. शेवटी सहज विचारलं, "उजवीकडे खाली तारीख काय आहे?"

"1 जानेवारी 2009."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं, जुनं मशीन आहे, जुनी दाखवतंय."

प्रमाणपत्राला मुदत असते. लेट्स एन्क्रिप्टचं तर जेमतेम 90 दिवसांचं. 2009 मध्ये बसून पाहणाऱ्याला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला होता, आणि बाबा रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करणार म्हणजे करणार! त्यामुळे कॉम्प्युटर रोज सकाळी 2009 मध्ये जागा व्हायचा. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने सेल दिला आणि गूगल पुन्हा सज्जन झालं.

काल परत फोन. आवाजात उत्साह. "मला फुकट मोबाइल लागलाय. कार्डाचा नंबर मागतायत. आधी कुलूप बघितलं हं मी. आहे!"

कुलूप फक्त वाट सांभाळतं, पलीकडे कोण बसलंय ते बघत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

"बाबा, थांबा!"

"थांबलोय रे. ओटीपी यायचाय अजून."