अडथळा, तक्रार आणि बदललेला क्रमांक : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

सोलापूर, सांगोला, मंगळवेढा आणि माळशिरस भागांतील बैलगाडा शर्यतींच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर सध्या एक चित्रफीत फिरत असून तिच्याखाली एक लांब मजकूर जोडलेला आहे. चित्रफीत अमेरिकेतील घोडागाडी शर्यतीची आहे. मजकुरात म्हटले आहे की, पहिल्या आलेल्या घोड्याला पंचांनी खालच्या क्रमांकावर ढकलले आणि तक्रार करणाऱ्यालाच पहिले बक्षीस दिले. मजकूर पुढे म्हणतो : प्रत्यक्षात कोणाला धक्का लागलाच नव्हता. लागला असला तरी तो दुसरा घोडा जिंकणार नव्हताच. चूक असेल तर ड्रायव्हरला दंड करावा, मालकाला आणि जनावराला शिक्षा कशासाठी. पंचांनी घाईने मनमानी केली. आणि म्हणून आपल्या मैदानांत ‘रेषा आधी ओलांडली तो पहिला’ हाच नियम राहावा, अडथळ्याची तक्रार ऐकूच नये. यातील शेवटची मागणी काही यात्रा समित्यांपुढे ठेवली जात आहे, आणि तिचा परिणाम थेट आपल्या शेतकऱ्यांच्या खिल्लारांवर होणार आहे. त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी घटना नीट सांगितली पाहिजे. ही शर्यत आजची नाही. ती ५ ऑगस्ट २०१७ रोजी न्यू जर्सीतील मेडोलँड्स येथे झालेली हॅम्बल्टोनियन आहे. तीन वर्षे वयाच्या, दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्यांची ही शर्यत १९२६ पासून होत आली आहे आणि अमेरिकेतील घोडागाडी शर्यतींत तिचा मान फार मोठा आहे. त्या दिवशी ‘व्हॉट द हिल’ या घोड्याने रेषा सर्वांत आधी ओलांडली. पंचांनी निकाल जाहीर करण्यापूर्वी चौकशी केली. शेवटच्या सरळ पट्ट्यात या घोड्याने ‘गार्डियन एंजल अ‍ॅज’ या घोड्याच्या धावेत अडथळा आणला, असे त्यांनी ठरवले आणि त्याला नवव्या क्रमांकावर नेले. पहिला क्रमांक मिळाला तो ‘परफेक्ट स्पिरिट’ला. ज्याला अडथळा झाला त्या घोड्याला पहिले बक्षीस मिळालेले नाही, त्यामुळे मजकुराचे पहिलेच विधान चुकीचे आहे. अडथळा आणणारा घोडा ज्याचे नुकसान झाले त्याच्या मागे जातो आणि मधले सर्व एकेक पायरी वर सरकतात, अशी ही पद्धत आहे. तिच्यात तक्रारदाराला बक्षीस देण्याची कोणतीही तरतूद नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘रेषा आधी ओलांडली तो पहिला’ हे वाक्य ऐकायला सरळ वाटते, परंतु शर्यतीचे कोणतेही लिखित नियमपुस्तक केवळ त्या एका वाक्यावर चालत नाही. घोडागाडी शर्यतीत घोड्याने दुडकी चाल, किंवा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकण्याची चाल, शेवटपर्यंत राखायची असते. चौखूर उधळलेला घोडा अधिक वेगाने पळू शकतो, पण तो वेग त्याच्या खात्यावर धरला जात नाही. ड्रायव्हरला जागा मिळताच लगाम खेचून त्याला मूळ चालीवर आणावे लागते. अमेरिकेत याहून कडक नियम आहे. रेषा ओलांडताना एखाद्या घोड्याची चाल मोडलेली असेल आणि मागचा स्पर्धक त्याच्या मागच्या अंगापर्यंत पोहोचलेला असेल, तर पुढचा घोडा त्या स्पर्धकाच्या मागे टाकला जातो. येथे कोणी कोणाला स्पर्शही केलेला नसतो आणि तरीही क्रमांक बदलतो. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरही शर्यत संपल्यावर जॉकीचे, म्हणजे स्वाराचे, वजन पुन्हा घेतले जाते, ते याच विचाराने : घोडा ठरलेले वजन घेऊनच धावला का, हे पाहण्यासाठी. रेषा ओलांडणे हा निकालाचा एक भाग आहे. नियमांनुसार अंतर कापले गेले का, हा दुसरा भाग आहे, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल पूर्ण होत नाही. म्हणून क्रमांक ‘काढून घेतला’ ही भाषाच मला मान्य नाही. पंचांनी घोषणा करण्यापूर्वी तो क्रमांक कोणाचाच झालेला नसतो.

‘धक्का लागलाच नाही’ या दाव्याचे उत्तर अधिक काळजीपूर्वक द्यावे लागेल, कारण चित्रफीत पाहून प्रामाणिक माणसालाही तसे वाटू शकते. घोडागाडी शर्यतीची गाडी म्हणजे दोन चाकांचा हलका सांगाडा. ड्रायव्हर घोड्याच्या शेपटीजवळ बसतो आणि चाके त्याच्या दोन्ही बाजूंना फिरत असतात. घोड्याचे डोके आणि खांदा शेजाऱ्याच्या पुढे गेले, म्हणजे गाडीही पुढे गेली असे होत नाही. मागे येणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय अजून त्या चाकाच्या बाजूलाच पडत असतात. अशा वेळी पुढच्याने आडवे येऊन रस्ता घेतला, तर मागच्यापुढे दोनच पर्याय उरतात : लगाम खेचणे, किंवा पाय चाकात घालणे. शहाणा ड्रायव्हर लगाम खेचतो. स्पर्श होत नाही, पण धाव संपते. म्हणूनच स्पर्श झाला नसला, तरी पुरेसे अंतर मिळण्याआधी आडवे येणे आणि दुसऱ्याला धाव आवरायला लावणे, हे अडथळ्यातच मोजले जाते.

चित्रफितीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाजूने घेतलेल्या चित्रणात कोण किती पुढे आहे हे उत्तम दिसते, परंतु कोण किती आडवे सरकले हे जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी समोरून किंवा मागून घेतलेले चित्रण लागते. पंच एकाहून अधिक बाजूंची चित्रणे पाहतात. मोबाईलवर फिरणारी, कापलेली, एकाच बाजूची काही सेकंदे पाहून ‘मला तर अंतर दिसते’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. पण ज्या पुराव्यावर निर्णय झाला तो त्याने पाहिलेला नसतो.

‘तो घोडा तसाही जिंकणार नव्हता’ हा मजकुरातील एकमेव विचारणीय मुद्दा आहे. यावर जगभर खरोखर मतभेद आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पाठीवर स्वार घेऊन धावणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींत ब्रिटनसारख्या देशांची रीत अशी आहे की, अडथळा झाला नसता तर त्रास झालेला घोडा अडथळा करणाऱ्याच्या पुढे आला असता, असे पंचांचे समाधान झाले तरच क्रमांक बदलतो. फ्रान्स आणि जर्मनीनेही २०१८ मध्ये हीच रीत स्वीकारली. अमेरिका आणि कॅनडा येथे मात्र बहुतेक ठिकाणी अडथळ्यामुळे त्या घोड्याची अधिक चांगला क्रमांक मिळवण्याची संधी गेली, एवढे पुरेसे धरले जाते. मग तो पाचवा आला असता की सहावा, हा प्रश्न उरत नाही. मला स्वतःला गाडीच्या शर्यतीसाठी दुसरी रीत अधिक न्याय्य वाटते. स्वार पाठीवर असलेला घोडा धक्का खाऊन चार ढांगांत सावरू शकतो. दुडकीवर धावणाऱ्या घोड्याची चाल एकदा मोडली, की त्याला आवरून, चाल परत लावून पुन्हा वेग घेईपर्यंत शर्यत पुढे गेलेली असते. स्पर्श हलका असला तरी नुकसान पूर्ण असते. अशा खेळात ‘तो जिंकलाच असता हे सिद्ध करा’ असे सांगणे म्हणजे ज्याची धाव हिरावली गेली त्याच्याकडेच त्या धावेचा पुरावा मागणे होय. कोणी पहिल्या रीतीची बाजू घेतली तर तिच्याशी वाद घालता येईल. परंतु मजकूर लिहिणारा तिची बाजू घेत नाही. तो तक्रारच नको म्हणतो, आणि असे पहिल्या रीतीचे देशही म्हणत नाहीत.

ड्रायव्हरला दंड करून निकाल तसाच ठेवावा, या सूचनेमागे मालकाबद्दलची आणि जनावराबद्दलची सहानुभूती आहे, हे मी समजू शकतो. तरीही तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या गेल्या आहेत. दंड किंवा बंदी ही ड्रायव्हरच्या वागण्याची शिक्षा असते. तिच्यात हेतू, निष्काळजीपणा, पूर्वीच्या चुका हे सर्व पाहिले जाते. क्रमांकाचा निर्णय हेतूवर अवलंबून नसतो. घोडा स्वतःहून बुजून आडवा गेला, ड्रायव्हरने जिवापाड प्रयत्न केला आणि त्याला एक रुपयाही दंड झाला नाही, तरी शेजाऱ्याचे नुकसान तेवढेच राहते. अमेरिकेतील केंटकी डर्बी या पाठीवर स्वार असलेल्या घोड्यांच्या शर्यतीत ४ मे २०१९ रोजी हे दोन निर्णय वेगवेगळे झाले. ‘मॅक्झिमम सिक्युरिटी’ हा घोडा पहिला आला होता. अडथळ्यामुळे त्याला सतराव्या क्रमांकावर नेले गेले आणि ‘कंट्री हाउस’ विजेता ठरला. जॉकी लुईस साएझ याच्यावर १५ दिवसांच्या बंदीचा निर्णय नंतर, स्वतंत्रपणे झाला. आणि सहानुभूतीच दाखवायची असेल, तर अडथळा झालेल्या जनावरालाही मालक असतो. त्यानेही वर्षभर खुराक घातलेला असतो. दंडाची रक्कम आयोजकांच्या खात्यात जाते. त्याच्या हाती काहीच येत नाही.

घाईचा आरोपही टिकत नाही. त्याच डर्बीत पंचांनी सुमारे २२ मिनिटे चित्रणे पाहिली आणि निर्णय एकमताने दिला. मालक पुढे संघीय न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयातही त्यांचा दावा फेटाळला गेला. या आरोपात एवढे मात्र खरे आहे की, पंचांनी केवळ क्रमांक न सांगता कारणही सांगितले पाहिजे. कारण न सांगितलेला बरोबर निर्णयसुद्धा लोकांना मनमानीसारखा दिसतो.

आता आपल्या मैदानांविषयी. पुण्याकडच्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो आणि निकाल सेकंदांवर लागतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न फारसा येत नाही. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडे मात्र एका गटात अनेक छकड्या शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून सुटतात, आणि गटात जी गाडी पहिली येते तीच सेमीफायनलला जाते. दुसऱ्याच्या चाकोरीत शिरलेल्या गाडीने एखाद्याची धाव बिघडवली, तर त्याचा तो दिवस तेथेच संपतो. शिवाय छकडीला जोडी असते. एक बैल बुजला की जुवाला बांधलेला दुसरा कितीही पळणारा असला तरी पळू शकत नाही. म्हणजे मेडोलँड्सवर जे चाल मोडण्याने होते, ते येथे जुवामुळे होते. चाकोरी सोडलेली गाडी बाद करण्याची आपल्याकडील अनेक पंचांची रीत आहे. ती रीत ‘परदेशी खूळ’ ठरवून काढून टाकावी, ही मागणी आपल्याच जुन्या शहाणपणाच्या विरुद्ध आहे.

काही जण मधला मार्ग सुचवतात की, वाद झाला तर गट पुन्हा पळवावा. सर्वांना समान संधी दिल्यासारखे ते वाटते, पण त्याची किंमत बैल मोजतात. उन्हात जीव तोडून धावलेल्या जोडीला, पंचांना निर्णय घ्यायचा नाही म्हणून, पुन्हा जुंपणे मला कोणत्याही बक्षिसासाठी योग्य वाटत नाही. ज्याने चूक केली नाही त्या गाड्यांचे बैलही यात दमतात. आपल्या बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बंद झाल्या होत्या. २०१७ चा राज्याचा कायदा, १६ डिसेंबर २०२१ चा अंतरिम आदेश आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल यांतून त्या परत आल्या, त्या बैलांना क्रूरतेने वागवले जाणार नाही या अटीवर. त्या कायद्याचा भर बैलांच्या संरक्षणावर आहे. गटातील क्रमांकाचा वाद मैदानातील पंचांनाच सोडवावा लागतो. म्हणूनच पंचांचा नियम लिखित असणे अधिक गरजेचे आहे.

तो नियम फार मोठा असण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या चाकोरीत गेलेल्या गाडीमुळे शेजारच्या गाडीची धाव बिघडली, तर चाकोरी सोडलेली गाडी त्या शेजारच्या गाडीच्या मागे धरली जाईल, मग स्पर्श झालेला असो वा नसो. तक्रार त्या गटाचा निकाल पुकारण्यापूर्वीच आणि फक्त ड्रायव्हरने किंवा मालकाने करायची. प्रेक्षकांच्या ओरड्याची दखल घेतली जाणार नाही. सुटण्याच्या जागी एक आणि निशाणाच्या मागे, धावेच्या समोर, एक असे दोन कॅमेरे असावेत. आज बहुतेक मैदानांचे थेट प्रक्षेपण होते, त्यामुळे यासाठी वेगळा मोठा खर्च येत नाही. गाडीमालक असलेल्या पंचाने स्वतःच्या किंवा भावकीतील गाडीच्या निर्णयात बसू नये. झेंडापंचाने काय पाहिले ते आधी सांगावे, मग चित्रण पाहावे, आणि समालोचकाने क्रमांकाबरोबर कारणही ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावे. हा नियम पहिला गट सुटण्यापूर्वी सर्व ड्रायव्हरांना ऐकवावा आणि नोंदणीच्या कागदावर त्यांची सही घ्यावी. ज्या यात्रा समित्यांकडे त्या मजकुराची मागणी पोहोचली आहे, त्यांनी येत्या मैदानाच्या पत्रिकेत तिच्याऐवजी हा नियम छापावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.